गाडीची चेन चिमटा का कापते? मोटारसायकलमध्ये बदल करणाऱ्यांसाठी उपयोगी माहिती

केशोरी परिसरात मोटारसायकल ही हौसेची वस्तू नाही. बांधीवर जाणं, धानाचा कट्टा आणणं, मिरची बाजारात पोचवणं, मुलांना शाळेत सोडणं, अर्जुनी मोरगाव किंवा वडशाला दवाखान्यात जाणं, सगळं तिच्यावरच चालतं. म्हणून लोक गाडी आपल्या कामाप्रमाणे बदलून घेतात. कोणी ओझं ओढायला पुढची चक्री लहान करतो, कोणी खड्ड्यांसाठी मागून उंच करतो, कोणी रुंद टायर टाकतो, कोणी चिखल अडकतो म्हणून चेन कव्हरच काढून ठेवतो. बदल केल्यावर दोन-चार महिन्यांत मागून ‘खर्र-खर्र’ आवाज यायला लागतो. बहुतेक वेळा तो आवाज चेन चिमट्यावर घासल्याचा असतो.

हे घासणं का होतं, कसं ओळखायचं आणि कसं टाळायचं, याची माहिती या लेखात आहे. मुद्दा एकच आहे: बदल करताना चेनचा रस्ताही बदलतो. तो रस्ता तपासल्याशिवाय गाडी मिस्त्रीकडून ताब्यात घेऊ नका.

आधी भागांची नावं

चिमटा म्हणजे मागचं चाक धरून ठेवणारी दोन हातांची लोखंडी चौकट. पुढच्या टोकाला ती जाड बोल्टवर, बुशांमध्ये फिरते. मागच्या टोकाला चाकाचा एक्सल असतो. शॉकअप या चिमट्यालाच जोडलेले असतात, म्हणून खड्ड्यात चिमटा वर-खाली होतो.

इंजिनमधून बाहेर आलेल्या लहान चक्रीवरून चेन मागच्या मोठ्या चक्रीवर जाते. चेनचा वरचा पदर चिमट्याच्या डाव्या किंवा उजव्या हाताच्या (गाडीप्रमाणे) वरून जातो आणि खालचा पदर त्याच हाताच्या खालून परत येतो. म्हणजे चिमट्याचा तो हात चेनच्या दोन पदरांच्या मधोमध असतो. जागा मोजकी असते.

चिमट्याच्या पुढच्या टोकाला बहुतेक गाड्यांत रबराची किंवा नायलॉनची पट्टी असते. मिस्त्री तिला चेन रबर म्हणतात, काही ठिकाणी स्लायडर म्हणतात. चेन कधीमधी या रबरावर टेकणं ठरलेलंच आहे, त्यासाठीच ते दिलेलं असतं. आपण रेस सोडतो तेव्हा खालचा पदर ताणला जातो आणि वरचा सैल होऊन या रबरावर आपटतो. चेन रबरावर सतत घासत राहिली, किंवा रबर संपून लोखंडाला लागली, तर मात्र काम बिघडलं. चिमटा आतून पोकळ असतो. कडक पोलादाची चेन त्यावर करवतीसारखी चालते आणि जिथे सगळ्यात जास्त जोर येतो तिथेच तो पातळ होतो.

कोणत्या बदलाने काय होतं?

१) पुढची चक्री लहान करणं

आपल्याकडचा हा सगळ्यात जास्त होणारा बदल. खर्च कमी आणि ओढ लगेच वाढते. १०० ते १२५ सीसीच्या बऱ्याच गाड्यांत ४२८ नंबरची चेन असते. तिच्या दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी. उदाहरण म्हणून पुढे १४ आणि मागे ४२ दात धरू. १४ दातांच्या चक्रीचा चेन बसते तिथला व्यास सुमारे ५७ मिमी येतो आणि १३ दातांचा सुमारे ५३ मिमी. व्यास ४ मिमीने कमी झाला, म्हणजे वरचा पदर २ मिमी खाली आला आणि खालचा पदर २ मिमी वर गेला. दोन्ही बाजूंनी चेन चिमट्याकडे सरकली.

२ मिमी ऐकायला काहीच नाही. पण चेन रबराची जाडीच मुळात काही मिलिमीटर असते. जुन्या गाडीत ते अर्धं झिजलेलं असतं. त्यात दोन दात कमी केले तर ४ मिमी जातात.

दुसरं म्हणजे लहान चक्रीवर चेनला जास्त वाकावं लागतं. १४ दातांवर प्रत्येक कडी २५.७ अंशांनी वळते, १३ दातांवर २७.७ अंशांनी. त्यामुळे पिना लवकर झिजतात, चेन लांब होते, सैल होते आणि आणखी आपटते.

२) गाडी मागून उंच करणं

लांब शॉकअप किंवा शॉकअपच्या टोकाला लावलेले ठोकळे यांनी मागचं चाक खाली जातं आणि चिमट्याचा उतार वाढतो. चिमट्याचं पुढचं टोक चेनच्या सरळ रेषेत वर घुसतं आणि वरचा पदर त्यावरून वाकून जायला लागतो. म्हणजे चेन कायम रबरावर दाबलेली. अशा गाडीत चेन नवी आणि ताण बरोबर असला तरी रबर झपाट्याने संपतं.

इथे आणखी एक धोका आहे आणि तो शाळेतल्या भूमितीने समजतो. पुढच्या चक्रीचं केंद्र, चिमट्याचा बोल्ट आणि मागचा एक्सल हे त्रिकोणाचे तीन बिंदू धरा. पहिल्या दोन बाजू पक्क्या आहेत, बदलत नाहीत. तिसरी बाजू, म्हणजे दोन चक्र्यांमधलं अंतर, तीनही बिंदू एका रेषेत आले की सगळ्यात जास्त होतं. म्हणून गाडीवर वजन बसून चिमटा त्या रेषेकडे वर गेला की चेन ताणली जाते. उंच केलेल्या गाडीत चिमटा त्या रेषेपासून फार खाली असतो. स्टँडवर ‘बरोबर’ वाटणारी चेन दोन माणसं आणि एक कट्टा बसल्यावर तारेसारखी घट्ट होते. मग इंजिनच्या बाजूचं बेअरिंग, चाकाचं बेअरिंग आणि चेन, तिन्हींवर मार बसतो.

३) रुंद टायर किंवा दुसऱ्या गाडीचं चाक

इथे घासणं वरून-खालून नसतं, बाजूने असतं. दुसऱ्या गाडीच्या चाकात मागची चक्री एक-दोन मिमी आत किंवा बाहेर बसते. पुढची आणि मागची चक्री एका ओळीत राहत नाही. चेन तिरकी धावते आणि चिमट्याच्या आतल्या अंगाला किंवा टायरच्या कडेला लागते. मग चेन बाजूला सारायला वॉशर टाकले जातात. वॉशरने चक्रीचे बोल्ट पूर्ण पकडत नाहीत आणि ते ढिले होऊ शकतात.

४) चेनचा नंबर बदलणं

४२८ च्या जागी ५२० ची चेन म्हणजे फक्त ‘मजबूत चेन’ नाही. तिच्या दोन पिनांमधलं अंतर पाच अष्टमांश इंच, म्हणजे १५.८७५ मिमी. प्लेटही जास्त उंच असते. दोन्ही चक्र्या बदलाव्या लागतातच, शिवाय प्लेटची कड चिमट्याच्या जवळ येते.

५) चिमटा लांब करणं

मधे तुकडा जोडून वेल्डिंग करून चिमटा लांब केला की चेनचा मोकळा पदर लांबतो, जास्त डोलतो आणि जास्त आपटतो. जोड सरळ नसेल तर चाकच तिरकं बसतं. या बदलाचा कामाच्या गाडीला काही फायदा नाही. तो करूच नये.

६) चेन कव्हर काढणं

कव्हर काढल्याने चेनचा रस्ता बदलत नाही, पण झीज वाढते. रोवणीच्या दिवसांत बांधीतला चिखल आणि उन्हाळ्यात मुरमाची धूळ थेट चेनवर बसते. ग्रीस आणि मुरूम यांचा लगदा म्हणजे पॉलिश पेपरच. तो चेन, रबर आणि चिमटा तिघांनाही खातो.

कसं ओळखायचं?

तपासणी करताना इंजिन बंद आणि गाडी न्यूट्रलमध्ये हवी. स्टँडवर गिअरमध्ये चाक फिरवत ठेवून चेनजवळ कापड किंवा हात नेऊ नका. चेन आणि चक्रीमध्ये सापडलेलं बोट वाचत नाही.

नजरेची तपासणी: चेन रबराकडे टॉर्च मारा. रबरात दोन खोल चाकोऱ्या, आसपास काळी भुकटी, चिमट्यावर चकाकणारी ओळ, रंग उडालेला भाग, यातलं काहीही दिसलं तर चेन लागते आहे. वरच्या बाजूइतकंच खालच्या बाजूलाही पाहा आणि आतल्या अंगालाही.

खडूची तपासणी: जिथे शंका आहे तिथे चिमट्यावर पांढरा रंग किंवा ओला खडू घासा. एक दिवस नेहमीसारखी गाडी चालवा. संध्याकाळी जिथला रंग गेला, तिथे चेन लागते.

वजनाची तपासणी: ही सगळ्यात महत्त्वाची आणि हीच केली जात नाही. खालच्या पदराच्या मधोमध बोटाने चेन वर-खाली करून ढिलेपणा मोजा. एकदा रिकामी गाडी स्टँडवर, मग नेहमीएवढी माणसं किंवा वजन बसवून. वजन बसल्यावरही चेनमध्ये थोडा ढिलेपणा उरलाच पाहिजे. लहान गाड्यांत रिकाम्या गाडीचा ढिलेपणा साधारण २० ते ३० मिमी सांगितलेला असतो. आपल्या गाडीचा नेमका आकडा पुस्तिकेत किंवा चिमट्यावरच्या स्टिकरवर पाहा. पण हा आकडा मूळ उंचीच्या गाडीसाठी आहे. मागून उंच केलेल्या गाडीत तो जसाच्या तसा लावू नका.

घट्ट जागेची तपासणी: चाक हळूहळू फिरवत चार-पाच ठिकाणी ढिलेपणा पाहा. एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल असेल तर चेन सारखी झिजलेली नाही. ताण नेहमी घट्ट जागेवर ठरवायचा.

लांबीची तपासणी: ४२८ च्या चेनमध्ये २० कड्या ताणून मोजा, म्हणजे पहिल्या पिनच्या मध्यापासून एकविसाव्या पिनच्या मध्यापर्यंत. नवी चेन २५४ मिमी भरते. २५९ मिमीच्या आसपास गेली तर चेन आणि दोन्ही चक्र्या एकत्र बदला. फक्त चेन बदलली तर जुन्या चक्रीचे वाकडे दात नवी चेन लवकर खातात.

ओळीची तपासणी: मागून वाकून चेनवरून सरळ पुढे बघा. चेन मागच्या चक्रीवरून निघताना तिरकी दिसते का? अ‍ॅडजस्टरच्या खुणांवर पूर्ण भरवसा ठेवू नका, त्या पुढे-मागे असू शकतात. चिमट्याच्या बोल्टच्या मध्यापासून एक्सलच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंनी टेपने मोजा. दोन्ही सारखं आलं पाहिजे.

बुशची तपासणी: गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचं चाक दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे हलवा. चिमटाच हलत असेल तर बुश गेले आहेत. बुश गेलेल्या गाडीत चेन कितीही सरळ केली तरी ती पुन्हा जाऊन लागते.

उपाय, स्वस्तापासून महागापर्यंत

पहिला उपाय: चेन रबर बदला. वस्तू स्वस्त आहे. काही गाड्यांत ते बसवायला चिमटा काढावा लागतो, म्हणून मिस्त्री टाळतात. चिमटा काढलाच आहे तर बुशही तपासून, ग्रीस लावून घ्या. एकाच मजुरीत दोन कामं होतात.

दुसरा उपाय: चेन जास्त घट्ट करून आवाज बंद करू नका. आवाज थांबतो, पण वजन बसल्यावर बेअरिंग मार खातं.

तिसरा उपाय: ओढ हवी असेल तर पुढचा दात कमी करण्याऐवजी मागचे दात वाढवा. हिशोब सोपा आहे. ४२ ला १४ ने भागलं तर ३.०० येतात. पुढे १३ केले तर ३.२३. पण पुढे १४ च ठेवून मागे ४५ लावले तर ३.२१, म्हणजे जवळपास तेवढीच ओढ. फरक असा की पुढची चक्री मूळचीच राहते आणि चिमट्याच्या पुढच्या टोकाला चेन होती तिथेच राहते. मागच्या बाजूला वरचा पदर सुमारे ६ मिमी वर आणि खालचा तेवढाच खाली जातो, म्हणजे चिमट्यापासून दूर. मात्र तीन गोष्टी पाहाव्या लागतात: आपल्या गाडीला त्या दातांची चक्री मिळते का, ती चेन कव्हरला आतून लागत नाही ना, आणि चेनला जास्तीच्या कड्या लागतील का. चेन लॉक लावताना क्लिपचं बंद टोक चेन धावते त्या दिशेला ठेवायचं.

चौथा उपाय: उंची परत घ्या. ठोकळे काढा, मूळ लांबीचे शॉकअप लावा. खड्ड्यांत गाडी खाली लागत असेल तर आधी शॉकअपची ताकद गेली आहे का पाहा. बसलेल्या शॉकअपला ठोकळा हा इलाज नाही, नवा शॉकअप हाच इलाज आहे.

पाचवा उपाय: खरंच चिमटा कापला गेला असेल तर चिमटाच बदला. फक्त रंग गेला असेल तर घासून, प्रायमर व रंग लावून, नवं रबर बसवून काम भागतं. पण नखाला लागेल अशी खोल खाच, भोक किंवा खाचेच्या टोकाला केसासारखी भेग दिसली, तर त्या गाडीवर माणूस बसवू नये. खाच वेल्डिंगने भरून घेण्याचा सल्ला मिळतो. पातळ पत्र्याला उष्णतेने बाक येतो आणि भेग जोडाच्या बाजूने पुन्हा निघते. चिमटा धावत्या गाडीत मोडला तर चाक सोबत राहत नाही. जुन्या बाजारातला चिमटा घेत असाल तर सपाट फरशीवर ठेवून दोन्ही हात सारखे टेकतात का ते पाहूनच घ्या.

जुगाड, जे करू नयेत

चिमट्यावर जुनी ट्यूब गुंडाळणं, पाण्याच्या पाइपचा तुकडा चिरून बसवणं, लाकडाची पट्टी तारेने बांधणं हे प्रकार आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. ट्यूब काही दिवसांत फाटते आणि तिची पट्टी चेनसोबत चक्रीत जाते. तारेचा तुकडा चक्रीत गेला तर चेन उतरते किंवा चाक जागीच अडकतं. घरी पोचण्यापुरता जुगाड समजू शकतो. पण पुढचं काम दुसऱ्या दिवशी रबर बदलणं हेच असलं पाहिजे.

चेन कव्हर, ओढणी आणि बुरखा

हा भाग घरातल्या प्रत्येकाने वाचावा. चेन कव्हर काढलेल्या गाडीवर मागे बसणाऱ्या बाईची ओढणी, साडीचा पदर किंवा बुरख्याचा घेर थेट चेनमध्ये जाऊ शकतो. कापड एकदा चक्रीत गेलं की ओढ थांबत नाही. ओढणी गळ्याला असेल तर काय होईल ते सांगायला नको. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे मोटारसायकलला मागे बसणाऱ्यासाठी पकडायला हँडल, पाय ठेवायला फूटरेस्ट आणि कपडे चाकात जाऊ नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारं संरक्षण असावंच लागतं. चिखल अडकतो म्हणून कव्हर काढायचं नसतं, आठवड्यातून एकदा उघडून धुवायचं असतं. प्रतापगडच्या उर्साला, यात्रेला किंवा लग्नाला घरच्या बायकांना घेऊन निघण्यापूर्वी कव्हर आणि साडी गार्ड जागेवर आहेत का, एवढं तरी पाहा.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा नोंदणीतला तपशील वेगळा पडेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब स्पष्ट केली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनीही अशा बदलावर हरकत घेऊ शकते. दंडापेक्षा ही गोष्ट गरिबाच्या घराला जास्त महागात पडते.

आपल्या भागातलं वेळापत्रक

रोवणीच्या काळात: बांधीतून आल्यावर चेनवर साधं पाणी मारून चिखल काढा. चिखल वाळू देऊ नका. पाणी निथळल्यावर चेन लूब किंवा ९० नंबरचं गिअर ऑइल आतल्या बाजूने, कड्यांच्या फटीत थेंबथेंब टाका. चाक हाताने फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून घ्या.

उन्हाळ्यात: तेल कमी, पुसणं जास्त. जाड ग्रीस बाहेरून थापू नका, ते धूळ धरून ठेवतं.

इतर वेळी: साध्या चेनला दर ५०० किलोमीटरच्या आसपास तेल आणि ताण तपासणी. मोठ्या गाडीत रबर रिंगवाली चेन असेल तर ती पेट्रोलने धुवू नका, रिंगा खराब होतात. रॉकेल चालतं.

पंक्चरनंतर: चाक काढून बसवलं की चेनची ओळ आणि ताण पुन्हा पाहायलाच हवा. बुशिंग किंवा वॉशर उलट्या बाजूला बसला तर त्याच दिवसापासून घासणं सुरू होतं.

मिस्त्रीला काय सांगायचं?

मिस्त्रीभाऊ हुशार असतात, पण गर्दीत घाई होते. चेन-चक्रीचं किंवा शॉकअपचं कोणतंही काम झाल्यावर गाडी घेण्यापूर्वी या पाच गोष्टी समोर करून घ्या:

१. चेन रबर दाखवा. झिजलं असेल तर आत्ताच बदला.
२. चाक पूर्ण एक फेरा फिरवून चेन चिमट्याला वर, खाली, आत कुठे लागत नाही ते दाखवा.
३. दोन माणसं बसवून चेनचा ढिलेपणा पाहा.
४. दोन्ही बाजूंचं अंतर टेपने मोजा.
५. चेन कव्हर आणि साडी गार्ड परत बसवा.

या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. पाच-दहा किलोमीटर चालवून आल्यावर पुन्हा एकदा टॉर्च मारून बघा. चिमट्यावर नवी चकाकणारी ओळ नसेल तर काम बरोबर झालं. ओळ दिसली तर गाडी तशीच मागे फिरवा, कारण आज रबराच्या खर्चात भागणारं काम उद्या चिमट्यावर जाईल.